कुबडीपासून मोनोस्कीपर्यंत : अपंगांच्या स्कीईंगमधील साधनांचा इतिहास

प्रस्तावना

क्रीडेतिहासाचे लेखन बहुधा विजेते, विक्रम आणि स्पर्धा यांच्याभोवती फिरते. खेळाच्या साधनांना त्यात दुय्यम स्थान मिळते. अपंगांच्या क्रीडेतिहासात मात्र हा क्रम उलटा करावा लागतो. तेथे आधी साधन तयार होते, मग खेळाडू मैदानात उतरतो आणि त्यानंतर नियम तयार होतात. प्रस्तुत लेखात दुसऱ्या महायुद्धापासून २००६ च्या टोरिनो हिवाळी पॅरालिंपिकपर्यंत डोंगरउतारावरील स्कीईंगची साधने कशी बदलत गेली, याचा आढावा घेतला आहे. कोणत्या अपंग व्यक्तीला खेळाडू म्हणून स्थान मिळाले, हे तिच्या अपंगत्वाच्या तीव्रतेपेक्षा उपलब्ध साधनांवर अधिक अवलंबून होते, असे या आढाव्यातून दाखविण्याचा प्रयत्न आहे.

युद्ध आणि कुबडी

या इतिहासाचा आरंभ जर्मनी आणि ऑस्ट्रिया या आल्प्सलगतच्या देशांत झाला. एक पाय गमावलेल्या फ्रान्झ वेंडेल या जर्मन स्कीपटूने कुबड्यांच्या टोकांना आखूड स्की बसविल्या आणि १९४२ मध्ये तो स्पर्धेत उतरला. ऑस्ट्रियात हातबॉम्बच्या स्फोटात दोन्ही पाय गमावलेल्या सेप त्स्विकनागल यांनी कृत्रिम पायांवर स्कीईंगचे प्रयोग केले व पुढे ते स्वतःच स्कीईंगचे प्रशिक्षक झाले. महायुद्धाने या देशांत हातपाय गमावलेल्या तरुणांची मोठी संख्या मागे ठेवली होती. त्यांच्यापैकी अनेकांना बालपणापासून स्कीईंग अवगत होते. त्यामुळे खेळ नव्याने शिकविणे हा त्यांच्यापुढील प्रश्न नव्हता. हरपलेला तोल परत कसा मिळवावा, हा होता.

त्याचे उत्तर कुबडीने दिले. हातावर आधार घेणारी कुबडी आणि तिच्या टोकाला बिजागरीवर फिरणारी छोटी स्की, असे या साधनाचे स्वरूप पुढे स्थिर झाले. त्याला आउटरिगर म्हणतात. टोकाची स्की वर वळविली की तीच कुबडी चालण्यासाठी वापरता येते. एका पायावरील स्की आणि दोन आउटरिगर यांमुळे बर्फावर तीन रेषा उमटतात. म्हणून या पद्धतीस ‘थ्री-ट्रॅक’ असे नाव पडले.

१९४८ : दोन स्वतंत्र प्रवाह

१९४८ या वर्षाकडे अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावयास हवे. त्या वर्षी ऑस्ट्रियातील बाडगास्टाइन येथे अपंग स्कीपटूंची पहिली नोंद झालेली अजिंक्यपद स्पर्धा झाली. तीत १७ खेळाडू होते. त्याच वर्षी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी मज्जारज्जूला दुखापत झालेल्या रुग्णांसाठी धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. तीत १६ जण सहभागी झाले. या दोन्ही घटनांच्या मुळाशी युद्धच होते. परंतु त्यांतून दोन वेगळे प्रवाह निघाले. इंग्लंडमधील प्रवाह चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्यांचा होता, तर ऑस्ट्रियातील प्रवाह उभे राहू शकणाऱ्यांचा.

याचे कारण साधनांत सापडते. चाकाच्या खुर्चीवर बसून बाण सोडता येतो. बर्फाच्या उतारावर मात्र चाक निरुपयोगी ठरते. १९७६ मध्ये स्वीडनमधील अर्नशल्ड्सविक येथे पहिले हिवाळी पॅरालिंपिक झाले. १६ देशांच्या या स्पर्धेत पदकांसाठीच्या शर्यतींत प्रवेश होता तो अवयवविच्छेदन झालेल्यांना व अंधांना. उलट उन्हाळी स्पर्धांत याच दोन गटांना प्रथम प्रवेश मिळाला तो त्याच वर्षी टोरांटोत! एका ऋतूत जे आत होते, ते दुसऱ्या ऋतूत बाहेर होते. अपंगत्व तेच असताना प्रवेशाचा क्रम उलटा असावा, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

बैठ्या स्कीचा उदय

दरम्यान अमेरिकेत या खेळाचा प्रसार झाला. महायुद्धात पाय गमावलेले आणि व्यवसायाने कृत्रिम अवयव तयार करणारे पॉल लाइमकूलर यांनी तेथे आउटरिगर रुजविले. १९७० मध्ये हॅल ओ’लिअरी यांनी कोलोरॅडोतील विंटर पार्क येथे डेन्व्हरच्या रुग्णालयातून आलेल्या, अवयवविच्छेदन झालेल्या मुलांना स्कीईंग शिकविण्यास सुरुवात केली. तथापि कंबरेखालील संवेदना व हालचाल गमावलेल्यांचा प्रश्न अनुत्तरितच होता.

या प्रश्नास पीटर अॅक्सेलसन या तरुणाने हात घातला. १९७५ मध्ये गिर्यारोहणातील अपघातात त्याच्या मज्जारज्जूला दुखापत झाली होती. अभियांत्रिकीचे शिक्षण घेताना त्याने ‘अरोया’ नावाची बैठी स्की तयार केली. आरंभीच्या बैठ्या स्की होडीसारख्या किंवा घसरगाडीसारख्या असत. नवशिक्यामागे दोर धरून एक धडधाकट साथीदार उतरत असे. म्हणजे गती मिळाली होती. पण तिचा ताबा काही अंशी दुसऱ्याच्या हाती होता.

ही उणीव मोनोस्कीने भरून काढली. अंगाच्या मापाने घडविलेले आसन, त्याखाली धातूची चौकट व शॉक अॅब्सॉर्बर आणि सर्वांत खाली एकच स्की, अशी तिची रचना असते. धड कलवून आणि हातांतील आखूड आउटरिगरने तोल सावरून खेळाडू वळण घेतो. आसन वर उचलण्याची सोय असल्याने सरावलेल्या खेळाडूस चेअरलिफ्टमध्येही स्वतःच बसता येते. १९८८ च्या इन्सब्रुक स्पर्धेत बैठ्या स्कीच्या शर्यतींचा समावेश झाला. १९४८ मध्ये वेगळे झालेले दोन प्रवाह अशा रीतीने उतारावर चाळीस वर्षांनी एकत्र आले.

साधने आणि न्याय

साधने वाढली तसे गट वाढले. गट वाढल्यावर एकेका शर्यतीत मोजकेच खेळाडू उरू लागले. २००६ च्या टोरिनो स्पर्धेपासून उभे, बैठे आणि दृष्टिबाधित असे तीनच विभाग ठेवण्यात आले. प्रत्यक्ष वेळेला खेळाडूच्या वर्गाच्या गुणकाने गुणून निकाल लावला जाऊ लागला. उदाहरणार्थ, गुणक ०.९० असेल, तर ६० सेकंदांची वेळ ५४ सेकंद धरली जाते. असा गुणक हा केवळ गणिताचा भाग नाही. कोणाच्या श्रमाचे मोल किती, याविषयीचा तो सामाजिक निर्णय आहे, आणि म्हणूनच तो वादातीत राहू शकत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी, की या इतिहासातील अनेक महत्त्वाची साधने वापरणाऱ्यांनीच शोधली. वेंडेल, त्स्विकनागल, लाइमकूलर आणि अॅक्सेलसन हे सर्व स्वतः अपंग होते. त्यांना केवळ दयेचे किंवा पुनर्वसनाचे लाभार्थी मानणारे लेखन म्हणूनच अपुरे ठरते. दुसरी अशी, की ‘हे शक्य नाही’ या विधानाचा खरा अर्थ अनेकदा ‘त्यासाठीचे साधन अद्याप झालेले नाही’ एवढाच असतो. १९७६ मध्ये जो मनुष्य उतारावरील शर्यतीस अपात्र होता, तो १९८८ मध्ये पात्र झाला. या बारा वर्षांत त्याचे शरीर बदलले नव्हते.

मात्र आज मोनोस्कीची किंमत हजारो डॉलरमध्ये आहे. शोध लागलेले साधन विकत घेता येत नसेल, तर पूर्वीची सीमारेषा पुसली जात नाही. ती फक्त शरीरांवरून सरकून देशादेशांमधील आर्थिक विषमतेवर येते. अपंगांच्या क्रीडेतिहासाच्या पुढील अभ्यासाने पदकांच्या तक्त्यांबरोबर या सीमारेषेचीही नोंद घेणे अगत्याचे आहे.