सायकलचे दिवे आणि घरी बनवलेले टर्न सिग्नल



ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि ऑफिसातून सायकलने घरी येणाऱ्यांची संध्याकाळ एकदम गायब होते. डिसेंबरात लंडनला चार वाजायच्या आत सूर्यास्त होतो, स्कॉटलंडमध्ये तर त्याच्याही आधी. म्हणजे पुढचे चार महिने परतीचा सगळा प्रवास अंधारात, त्यातही बऱ्याचदा पावसात. आपल्यापैकी बरेच जण सायकल वापरतात आणि शिकायला आलेली मुले तर घर मिळाले की लगेच सेकंडहँड सायकल शोधू लागतात. त्या सायकलीला दिवे असतातच असे नाही.

हा लेख दोन गोष्टींसाठी आहे. पहिली, ब्रिटनमध्ये सायकलला कोणते दिवे लागतातच. दुसरी, ज्यांना सोल्डरिंगची हौस आहे त्यांनी त्यात घरी बनवलेल्या टर्न सिग्नलची भर कशी घालावी. हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. टर्न सिग्नल ही वरची भर आहे, मुख्य दिव्यांना पर्याय नाही. तुमचे सर्किट बंद पडले तरी मागचा लाल दिवा चालू राहिला पाहिजे. पुढचे सगळे डिझाइन याच एका अटीवर उभे आहे.

१. कायदा काय म्हणतो

१९८९ च्या रोड व्हेइकल्स लाइटिंग रेग्युलेशन्सप्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत रस्त्यावर चालवल्या जाणाऱ्या सायकलला खालील गोष्टी हव्यात:

- पुढे पांढरा दिवा, मधोमध किंवा उजव्या बाजूला, जमिनीपासून १५०० मिमीपेक्षा उंच नाही.
- मागे लाल दिवा, मधोमध किंवा उजव्या बाजूला, जमिनीपासून ३५० ते १५०० मिमी उंचीवर.
- मागे लाल रिफ्लेक्टर, २५० ते ९०० मिमी उंचीवर.
- सायकल १ ऑक्टोबर १९८५ नंतर बनलेली असेल तर पेडलला पुढेमागे अंबर, म्हणजे पिवळसर नारिंगी, रिफ्लेक्टर.

लुकलुकणारे दिवे २००५ पासून चालतात, पण त्यांचा वेग मिनिटाला ६० ते २४० वेळा आणि एकसारखा हवा. फक्त लुकलुकणाऱ्या दिव्याचा प्रकाश किमान ४ कॅन्डेला हवा. सलग जळू शकणाऱ्या दिव्यावर बीएस ६१०२/३ किंवा त्याच्या तोडीच्या मानकाची खूण लागते. घरी बनवलेल्या दिव्यावर अशी खूण येणार नाही, म्हणून पुढचा आणि मागचा मुख्य दिवा दुकानातूनच घ्या. इथे हौस करू नका.

पेडलचे रिफ्लेक्टर पुष्कळांना फालतू वाटतात, पण ते वरखाली फिरतात आणि मागच्या ड्रायव्हरला क्षणात कळते की पुढे सायकल आहे. स्थिर दिवा कुठलाही असू शकतो, पाय मारणारा मात्र सायकलवालाच असतो.

२. टर्न सिग्नल हवाच कशाला?

हाताने खूण करता येते, मग ही उठाठेव का? कारण हात फार वेळ बाहेर ठेवता येत नाही. आपल्याकडच्यासारखीच इथेही वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे अवघड वळण उजवीकडचे. मागे बघायचे, उजवा हात काढायचा, लेनच्या मध्यावर यायचे आणि समोरची गाडी आली तर थांबायचे. थांबायला लागले की हात पुन्हा ब्रेकवर, आणि इथल्या सायकलींना पुढचा ब्रेक बहुधा उजव्याच हाताला असतो. म्हणजे खूण दिसण्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच हात आत घ्यावा लागतो. त्या पाचदहा सेकंदांत टर्न सिग्नल उपयोगी पडतो.

पण त्यातली एक अडचण आधीच समजून घ्या. गाडीचे दोन इंडिकेटर दीड मीटरच्या आसपास अंतरावर असतात आणि मधे गाडीचा आकार दिसतो. सायकलवर हे अंतर ४० सेंमी मिळाले तरी खूप. अंधारात एकच नारिंगी ठिपका लुकलुकताना दिसला तर तो डावा की उजवा हे कळायला मधला बिंदू माहीत हवा. तो मधला बिंदू म्हणजे तुमचा लाल टेल-लाइट. म्हणून टर्न सिग्नल लावणार असाल तर टेल-लाइट मधोमध आणि सलग जळता ठेवा. दोन्ही लुकलुकले तर मागच्याला काहीच अर्थबोध होणार नाही.

३. लागणारे सामान

- टीएलसी ५५५ किंवा ७५५५ आयसी: १
- बीसी ३३७ ट्रान्झिस्टर: १
- अंबर एलईडी, ५ मिमी, रुंद कोनाचे: १२ (चार कोपऱ्यांना तीन-तीन)
- रेझिस्टर: १५० ओहम १२, १ किलोओहम १, १० किलोओहम १, ४७ किलोओहम १
- कपॅसिटर: १० मायक्रोफॅरड १, ०.१ मायक्रोफॅरड १, ०.०१ मायक्रोफॅरड १
- मधे ऑफ असलेला, सहा पायांचा ऑन-ऑफ-ऑन टॉगल स्विच: १
- ५ व्होल्टचा बझर (डीसी दिला की स्वतः वाजणारा): १
- एए आकाराचे ४ रिचार्जेबल सेल, होल्डर आणि अर्ध्या अँपिअरचा फ्यूज
- झाकणाला रबरी पट्टी असलेला प्लास्टिकचा डबा, व्हेरोबोर्ड, बारीक तारांची लवचिक वायर, हीट श्रिंक, केबल टाय

पूर्वी हे सगळे हाय स्ट्रीटवरच्या मॅप्लिनमध्ये मिळायचे, पण ती दुकाने २०१८ साली बंद झाली. आता आरएस, फार्नेल, रॅपिड यांच्याकडून ऑनलाइन मागवावे लागते. भारतात जाणार असाल तर पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच. येताना वायर जोडलेला तयार डबा मात्र हँडबॅगेत आणू नका. सुटे पार्ट्स आणा आणि इथे जोडा.

४. सर्किट

इंजिनिअरिंगला असताना ५५५ वापरून एलईडी लुकलुकवला नाही असा माणूस विरळा. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी हा आयसी डिझाइन केला आणि पन्नास वर्षांनंतरही तो तितकाच कामाचा आहे. आपण त्याची सीमॉस आवृत्ती घेणार आहोत. साध्या एनई ५५५ ला किमान ४.५ व्होल्ट लागतात. चार रिचार्जेबल सेलचे ४.८ व्होल्ट होतात आणि सेल उतरू लागले की ते ४.५ च्या खाली जातात. टीएलसी ५५५ दोन व्होल्टपर्यंत चालतो.

जोडणी अशी:

- पाय १ बॅटरीच्या ऋण टोकाला. पाय ८ आणि ४ एकत्र धन बाजूला.
- पाय ८ ते ७ मधे १० किलोओहम, पाय ७ ते ६ मधे ४७ किलोओहम.
- पाय २ आणि ६ एकत्र, तिथून १० मायक्रोफॅरड ऋण टोकाला (कपॅसिटरची दिशा पाहा).
- पाय ५ पासून ०.०१ मायक्रोफॅरड ऋण टोकाला. पाय ८ आणि १ मधे ०.१ मायक्रोफॅरड.
- पाय ३ पासून १ किलोओहम ट्रान्झिस्टरच्या बेसला. एमिटर ऋण टोकाला.
- सगळ्या एलईडींचे ऋण पाय एकत्र करून कलेक्टरला.

वेगाचे गणित सोपे आहे. १.४४ ला (१० हजार + २ × ४७ हजार) ओहम गुणिले १० मायक्रोफॅरड, म्हणजे १.०४ ने भागा. सेकंदाला सुमारे १.३८, म्हणजे मिनिटाला ८३ वेळा. गाड्यांच्या इंडिकेटरला ६० ते १२० ची मर्यादा आहे. कपॅसिटरची किंमत २० टक्के इकडेतिकडे असली तरी आपण त्यातच राहतो. शिवाय या जोडणीत स्विच टाकताच दिवा लगेच पेटतो आणि पहिली चमक जरा लांब असते, हेही आपल्या सोयीचेच.

प्रत्येक एलईडीला स्वतःचा १५० ओहमचा रेझिस्टर द्या. तिघांत एकच दिला तर ज्याचा व्होल्टेज किंचित कमी तो जास्त करंट ओढतो, लवकर जातो आणि मग उरलेल्यांवर भार येतो. १५० ओहमला ४.८ व्होल्टवर साधारण १७ मिलिअँपिअर जातात, सेल नुकते चार्ज केलेले असताना थोडे जास्त.

स्विचला सहा पाय का? मधले दोन पाय एकत्र करून त्यांना फ्यूजमधून बॅटरीचे धन टोक द्या. एका रांगेचे दोन टोकाचे पाय डाव्या आणि उजव्या एलईडींच्या धन वायरला जातील. दुसऱ्या रांगेचे टोकाचे दोन्ही पाय एकमेकांना जोडून आयसीच्या पाय ८ ला द्या. त्यामुळे दोन्ही दिशांना एकच आयसी चालतो आणि स्विच मधे असताना बॅटरीतून काहीही खर्च होत नाही. एक लक्षात ठेवा: टॉगल स्विचची दांडी डावीकडे असते तेव्हा आत संपर्क बहुधा उजव्या पायाशी होतो. मीटर लावून खात्री केल्याशिवाय सोल्डर करू नका.

बझर पाय ८ आणि कलेक्टर यांच्या मधे लावा, धन टोक पाय ८ कडे. वळून झाल्यावर सिग्नल बंद करायचा राहिला तर तो मागच्याला खोटे सांगत राहतो. सायकलचे हँडल गाडीच्या स्टिअरिंगसारखे स्विच परत आणत नाही, ते काम टिकटिक करून बझर करतो.

५. बसवणे

डबा हँडलच्या मधोमध बसवा, म्हणजे मागे फक्त तीनच वायर न्याव्या लागतात: डावी, उजवी आणि सामाईक. स्विच डाव्या हाताच्या अंगठ्याला ग्रिप न सोडता, हातमोज्यातूनही सापडेल असा हवा. उजवा हात खुणेसाठी मोकळा लागतो.

पुढचे एलईडी हँडलच्या टोकांना लावा. मागचे लावण्यासाठी कॅरिअरवर ४० सेंमीची ॲल्युमिनियमची पट्टी आडवी बसवा. ती हँडलपेक्षा रुंद नको. एलईडी १५ अंशांचे घेतलेत तर ते नाकासमोर झगझगीत दिसतात आणि जरा बाजूच्या ड्रायव्हरला दिसतच नाहीत. ३० ते ६० अंशांचे घ्या.

हँडलजवळ वायरला पुरेशी ढील द्या आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहा. वायर ब्रेकच्या केबलपासून आणि चाकापासून लांब. वायरी नुसत्या पिळून ठेवू नका. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी पिळलेला जोड आठवडाभरही टिकत नाही, म्हणून सोल्डर करून वर हीट श्रिंक चढवा.

इथला पाऊस वरून कमी आणि चाकावरून जास्त येतो. वायर डब्यात खालच्या बाजूने घाला आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच गळून पडते. फटी बुजवायला सिलिकॉन घ्याल तर व्हिनेगरसारखा वास येणारे नको. त्यातून निघणारे आम्ल तांबे खाते. दुकानात न्यूट्रल क्युअर असे मागा.

सुट्या लिथियम सेलचा पॅक घरी बनवू नका. शॉर्ट झाला तर तो पेट घेतो आणि सायकल आपण बहुतेक घराच्या पॅसेजमध्येच ठेवतो. आपले काम एए सेलवर भागते. २००० मिलिअँपिअर-तासांच्या सेलवर लुकलुकणारा दिवा जवळजवळ ३० तास चालतो, म्हणजे एका वळणाला १० सेकंद धरले तर दहा हजारांवर वळणे. मुख्य दिव्यांची बॅटरी मात्र वेगळीच ठेवा.

डबा काढता येईल असा बसवा. सायकल स्टेशनवर उभी करून जाताना वायर, सेल आणि स्विच असलेला घरगुती डबा तिथे सोडू नका. चोरी होईल हा एक भाग, पण तो पाहून कोणाला भलतीच शंका आली तर स्टेशन रिकामे करायची वेळ येते. खुलासे देत बसण्यापेक्षा डबा बॅगेत टाकणे सोपे.

६. चाचणी आणि वापर

संध्याकाळी घराजवळच्या शांत रस्त्यावर सायकल उभी करा, टेल-लाइट लावा आणि घरच्या कोणाला तरी ५० मीटर मागे पाठवा. "दिसतंय का?" असे विचारू नका, कारण उत्तर "हो"च येणार. "कुठल्या बाजूचा लागलाय?" असे विचारा. दहापैकी दहा उत्तरे बरोबर आली तरच रस्त्यावर न्या. मग हीच चाचणी दुपारी करा. भर उन्हात हे छोटे एलईडी फिके पडतात, तेव्हा दिवसा त्यांच्यावर विसंबून राहू नका.

चालवताना क्रम असा ठेवा: मागे बघा, सिग्नल लावा, हात दाखवा, पुन्हा मागे बघा, हात ब्रेकवर आणा, वळा, सिग्नल बंद करा. हात दाखवणे सोडायचे नाही. सायकलला इंडिकेटर असेल अशी ड्रायव्हरची अपेक्षाच नसते, हाताची खूण मात्र तो हायवे कोडमध्ये शिकलेला असतो. त्यासाठी दोन्ही मनगटांना रिफ्लेक्टिव्ह पट्टा बांधा. काळ्या जॅकेटची बाही अंधारात दिसतच नाही.

ज्यांना यातले काहीच बनवायचे नाही त्यांनी निदान मुख्य दिवे, रिफ्लेक्टर आणि हे दोन पट्टे एवढे तरी घ्यावे. आणि जे बनवतील त्यांनी घड्याळे मागे जायच्या आधीच्या शनिवार-रविवारी बनवावे, म्हणजे चाचणीला सवड मिळेल. मंडळात कोणी नवीन विद्यार्थी सायकल घेऊन आला तर त्याच्या सायकलचा मागचा दिवा आहे का तेवढे जरूर बघा.