पाच अष्टमांश इंचाचा वारसा: जुन्या मोटारसायकलची साखळी कशी निवडावी

१९५५ साली मद्रासमध्ये एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि इंग्लंडमधील रेडिच गावची बुलेट भारतात तयार होऊ लागली. पुढच्याच वर्षी संसदेने वजने आणि मापे यांविषयीचा कायदा करून देशाला मेट्रिक पद्धतीकडे नेले. शेर, मण, फूट आणि इंच हळूहळू व्यवहारातून मागे पडले. बुलेटचे मागचे चाक फिरवणारी साखळी मात्र पाच अष्टमांश इंचाचीच राहिली. जुन्या मोटारसायकलसाठी नवी चेन आणि स्प्रॉकेट शोधणाऱ्याला हा इतिहास ठाऊक असलेला बरा, कारण त्या निवडीतला जवळजवळ प्रत्येक आकडा त्यातूनच आलेला आहे.

या साखळीचा जन्म मोटारसायकलसाठी झाला नव्हता. हान्स रेनॉल्ड हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला अभियंता १८७३ साली मँचेस्टरला आला. १८७९ मध्ये त्याने शेजारच्या सॅलफर्ड येथील जेम्स स्लेटर यांचा छोटा व्यवसाय विकत घेतला. तेथे कापड गिरण्यांच्या यंत्रांसाठी साखळ्या बनत असत. स्लेटर यांनी १८६४ मध्येच साखळीतील पिनेवर फिरणाऱ्या रोलरचे पेटंट घेतले होते, तरीही या साखळ्या लवकर झिजत. पिन प्लेटच्या केवळ जाडीएवढ्या अरुंद जागेवर घासत असे, आणि सारा भार त्या लहानशा क्षेत्रफळावर पडे. १८८० मध्ये रेनॉल्डने पिन आणि रोलर यांच्यामध्ये एक पोकळ नळी, म्हणजे बुश, बसवली. आता पिनेला साखळीच्या जवळजवळ पूर्ण रुंदीचा आधार मिळाला. भार तेवढाच राहिला, पण तो मोठ्या क्षेत्रफळावर विभागला गेल्याने दाब घटला आणि झीजही घटली. मागच्या चाकाला साखळीने गती देणारी सायकल लवकरच लोकप्रिय झाली. १९०३ मध्ये राइट बंधूंच्या विमानाचे पंखेही साखळ्यांनीच फिरले. चामडी पट्टे वापरणाऱ्या मोटारसायकलींनीही अखेरीस हीच रचना स्वीकारली.

रचनेइतकेच महत्त्व मापांच्या प्रमाणीकरणाला आहे. दोन लगतच्या पिनांच्या मध्यांतील अंतराला पिच म्हणतात. साखळीच्या प्लेटवर कोरलेल्या क्रमांकातील पहिला अंक हे अंतर इंचाच्या अष्टमांशांत सांगतो. ४२८ मधील ४ म्हणजे चार अष्टमांश, अर्थात अर्धा इंच किंवा १२.७ मिलिमीटर. ५२० आणि ५३० मधील ५ म्हणजे पाच अष्टमांश इंच, अर्थात १५.८७५ मिलिमीटर. पुढचे दोन अंक आतली रुंदी दर्शवतात: २० म्हणजे पाव इंच, २८ म्हणजे सुमारे पाच षोडशांश इंच, ३० म्हणजे तीन अष्टमांश इंच. हीच मापे आंतरराष्ट्रीय मानकांत आली आणि भारतीय मानकांतही उतरली. अंबत्तूरची टीआय डायमंड चेन, ‘रोलॉन’ नावाने साखळ्या विकणारी कोइंबतूरची एल. जी. बालकृष्णन अँड ब्रदर्स अशा कारखान्यांनी ती देशभर पोहोचवली. म्हैसूरची जावा बंद पडली, राजदूतचे उत्पादन थांबले, तरी त्यांच्या साखळीची जागा घेईल अशी साखळी बाजारात मिळते. हे या प्रमाणीकरणाचे ऋण आहे.

मात्र प्रमाणीकरण पिच आणि रुंदीपुरतेच आहे. स्प्रॉकेटचे मधले छिद्र, त्यातील खाचा, बोल्टमधील अंतर आणि दातांची पातळी किती आत वा बाहेर आहे, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने ठरवले. म्हणून क्रमांक जुळला तरी जुना भाग सोबत नेऊन ताडून पाहावा लागतो. पुढचे आणि मागचे स्प्रॉकेट एका रेषेत नसतील, तर उत्तम साखळीही एका बाजूने झिजते.

आता झिजेचा मूळ प्रश्न. ‘चेन ढिली झाली, ताणली गेली’ असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात पोलादी प्लेटा ताणल्या जात नाहीत. पिन आणि बुश परस्परांवर घासून थोडे थोडे झिजतात आणि प्रत्येक पिच किंचित वाढतो. ४२८ क्रमांकाच्या नव्या साखळीच्या वीस पिचची लांबी २५४ मिलिमीटर भरते. तीच ताणून मोजल्यावर २५९ मिलिमीटर भरली, तर वाढ दोन टक्क्यांच्या घरात गेली आणि साखळीचे आयुष्य संपले असे समजावे. काही उत्पादक याहूनही कडक मर्यादा सांगतात. लांबलेली साखळी दातांच्या तळाशी न बसता वर चढू लागते आणि दात आकड्यासारखे वाकडे होतात. अशा दातांवर नवी साखळी चढवली, तर तिचा नेमका पिच झिजलेल्या दातांशी जुळत नाही, भार मोजक्याच रोलरवर येतो आणि नवी साखळी अकाली झिजते. साखळी आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावीत, या मेकॅनिकच्या आग्रहामागे हे कारण आहे.

जुन्या बुलेटवर हा नियम पाळणे खर्चाचे ठरते. तिचे मागचे ३८ दातांचे स्प्रॉकेट ब्रेकच्या ड्रमशी एकसंध असते. दात झिजले की संपूर्ण ड्रम बदलावा लागतो. पुढचे स्प्रॉकेट क्लचच्या मागे दडलेले असते. तेथवर जाण्यासाठी प्रायमरी चेनचे आवरण आणि क्लच उतरवावा लागतो. त्यामुळे अनेक मालक केवळ साखळी बदलून वेळ मारून नेतात. ही बचत फसवी आहे. धावत्या गाडीची साखळी तुटून गुंडाळली गेली, तर इंजिनाचे आवरण फुटू शकते, मागचे चाकही जाम होऊ शकते. क्लच एरवी दुरुस्तीसाठी उघडला असेल, तेव्हाच पुढचे स्प्रॉकेट बदलून घेणे शहाणपणाचे.

दातांची संख्या बदलण्याचा मोहही होतो. मागे ३८ आणि पुढे १६ दात असतील, तर गुणोत्तर २.३७५ येते, पुढे १७ केल्यास २.२३५. त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे सहा टक्क्यांनी कमी होतात, महामार्गावर गाडी शांत धावते, पण घाटात आणि दोघे बसले असता ओढ कमी पडते. याला आणखी दोन बाजू आहेत. साखळी स्प्रॉकेटवर वर्तुळात नव्हे, तर बहुभुजाकृतीत वळते, त्यामुळे तिचा वेग प्रत्येक दातागणिक किंचित कमी-जास्त होतो. हा चढउतार ११ दातांवर सुमारे ४ टक्के, तर १७ दातांवर १.७ टक्के असतो. दुसरी बाजू गणिताची. १०० कड्यांच्या साखळीत १६ दातांच्या स्प्रॉकेटचा प्रत्येक दात पुन्हा पुन्हा ठरावीक २५ रोलरनाच भेटतो. १७ दात असतील, तर प्रत्येक दात सर्व १०० रोलरना आळीपाळीने भेटतो आणि झीज समान वाटली जाते.

कड्यांची संख्या सम असावी, कारण आतली आणि बाहेरची कडी आलटून पालटून येते. विषम संख्येसाठी वापरली जाणारी वाकडी अर्धी कडी हा साखळीतला दुबळा दुवा ठरतो. जोडकडीची क्लिप बसवताना तिचे बंद टोक साखळीच्या गतीच्या दिशेला ठेवावे. रबरी कड्यांनी वंगण आत कोंडून ठेवणारी ओ-रिंग साखळी दीर्घायुषी असते, पण ती रुंदीला जास्त भरते आणि जुन्या आवरणाला घासू शकते. जावाप्रमाणे पूर्ण बंद आवरण मूळ गाडीला असेल, तर ते फेकून देऊ नये. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर साध्या साखळीलाही ते पुष्कळ तारते.

शेवटी एक सावधगिरी. पन्नास वर्षांत गाडी अनेक हातांतून गेलेली असते. तिच्यावर आज असलेली साखळी मूळचीच असेल असे नाही. एकाच मॉडेलच्या निरनिराळ्या वर्षांतील गाड्यांत साखळीची रुंदीही निराळी असू शकते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी प्लेटवरचा क्रमांक वाचावा, कड्या आणि दोन्हीकडचे दात मोजावेत, कंपनीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावेत आणि हे चार आकडे गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवावेत. पुढच्या मालकालाही ते लागतील.