बांधीतला वायू आणि गुरूचा काळा पट्टा

आमगावकडे रोवणी आटोपली, बांधीत पाणी साचलं, की चिखलात पाय घालताच बुडबुडे वर येतात. त्यात मिथेन असतो. पाण्याखाली कुजणाऱ्या काडीकचऱ्यातून सूक्ष्मजीव तो बनवतात. गोबर गॅसच्या शेगडीत जळतो तोच. गुरूच्या वातावरणातले बदल टिपायच्या एका नामी युक्तीचं मूळ याच वायूत आहे.

1860 च्या दशकात रोममध्ये सेक्कींनी आणि लंडनमध्ये हगिन्सनी गुरूचा उजेड लोलकातून पाहिला. उजेड सूर्याचाच, उसना. तरी वर्णपटाच्या तांबड्या भागात सूर्याकडे नसलेला एक काळा पट्टा होता. त्याच दशकात, 1868 च्या ग्रहणात, सूर्याची पिवळी रेषा दिसली. ती पुढे हेलियमची ठरली. गुरूच्या पट्ट्याचं बारसं मात्र रखडलं. ॲरिझोनात व्हेस्टो स्लायफरने ग्रहांच्या वर्णपटांचे फोटो घेतले, तर युरेनस-नेपच्यूनकडे असे पट्टे आणखी गडद निघाले.

1932 मध्ये रूपर्ट विल्टने कोडं सोडवलं: मिथेन आणि अमोनिया. गोठ्यात नाकाला झोंबतो तो अमोनिया! इतका ओळखीचा मिथेन ओळखू का येऊ नये? कारण दृश्य प्रकाश तो फारच थोडा शोषतो. प्रयोगशाळेतल्या हातभर नळीत पट्टा उमटतच नाही. लांबलचक नळीत दाबाखाली वायू कोंडावा लागतो. गुरूवर अर्थातच चिखल नाही. तिथे हायड्रोजन इतका मुबलक, की कार्बन त्याच्याशीच जोडला जातो.

युक्ती पुढे आहे. 889 नॅनोमीटरच्या आसपास मिथेन प्रकाश जवळजवळ गिळूनच टाकतो. तेवढाच प्रकाश गाळून गुरूचा फोटो घेतला, की खोलवरचे ढग काळवंडतात, कारण त्यांच्यावर मिथेनचा जाड थर असतो. उंचावरचं धुकं मात्र उजळ दिसतं. म्हणजे फोटोतून थेट उंची कळते. जुलै 1994 मध्ये शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, तेव्हा साध्या दुर्बिणींतून काळे डाग दिसले. मिथेनच्या प्रकाशात तेच डाग लखलखत होते: राख ढगांच्या कितीतरी वर उडाली होती.