बाळू पालवणकर : पगारी खेळाडू आणि न लिहिलेले आत्मचरित्र

खेळ हे पोटापाण्याचे साधन होऊ शकते, ही कल्पना आपल्याकडे तशी अलीकडची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैदानावर राबून महिन्याचा पगार घेणारा माणूस हा खेळाडू समजला जात नसे; तो नोकर समजला जाई. बाळू पालवणकर यांच्या क्रिकेट-जीवनाचा आरंभ असाच नोकर म्हणून झाला.

त्यांचा जन्म १८७५ च्या सुमारास धारवाड येथे, चांभार कुटुंबात झाला. मूळ गाव कोकणातले. आडनाव त्यावरूनच आले. वडील लष्करात होते आणि बाळूंचे बालपण पुण्यात गेले. पुण्यातील पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे आणि अधूनमधून सभासदांना चेंडू टाकणे अशी त्यांची पहिली नोकरी. पगार ३ रुपये. पुढे युरोपियनांच्या क्लबात ते ४ रुपयांवर गेले. तेथे कॅप्टन ग्रेग या नामांकित फलंदाजाला ते तासन् तास गोलंदाजी करीत. त्याला बाद केले की आठ आणे बक्षीस मिळे, अशी आख्यायिका आहे. क्लबाने त्यांना फलंदाजीची संधी मात्र कधी दिली नाही. चेंडू टाकणे हे श्रमाचे काम आणि फलंदाजी हा साहेबांचा विलास, अशी ती वाटणी होती.

इंग्लंडातही अशी वाटणी होतीच. तेथे हौशी ‘जंटलमन’ आणि पगारी ‘प्लेअर’ यांचा भेद १९६२ पर्यंत अधिकृतपणे टिकून होता. आपल्याकडे या वर्गभेदावर जातीचा थर चढला. पुण्यातील हिंदू संघाने युरोपियनांना हरवण्यासाठी बाळूंना घेतले खरे. पण चहाच्या वेळी ते पॅव्हेलियनबाहेर उभे राहात आणि त्यांना चहा मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. त्यांनी हाताळलेला चेंडू चालत होता, कप चालत नव्हता. विटाळाचे तर्कशास्त्र किती सोयीचे असते, हे सांगायला याहून वेगळा दाखला नको.

पुढे ते मुंबईस गेले. रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याकडून खेळ असा क्रम सुरू झाला. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाला पराभवच अधिक पत्करावे लागले. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात एकूण शंभराहून अधिक बळी घेतले. डावखुऱ्या संथ गोलंदाजीने प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१, असा त्यांचा एकूण हिशेब आहे.

एवढी कामगिरी असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० साली बाळूंना वगळण्यात आले व त्यांचे बंधू विठ्ठल यांचा कर्णधारपदाचा हक्क डावलण्यात आला, तेव्हा शिवराम व विठ्ठल हे दोघे भाऊ जाहीर निवेदन करून संघाबाहेर पडले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. थोरल्याला नाकारलेला मान धाकट्याकडे आला.

बाळूंचे उत्तरायुष्य सोपी उत्तरे देत नाही. १९११ च्या दौऱ्यानंतर झालेल्या त्यांच्या सत्काराशी तरुण भीमराव आंबेडकरांचे नाव जोडले जाते. त्याच आंबेडकरांविरुद्ध १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत बाळू उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत तेही होते. सवर्ण हिंदूंच्या संघात राहून मान मिळवता येईल, हा मैदानावरचा विश्वास त्यांनी राजकारणातही जपला, असे म्हणावे काय? तसे म्हणताना थोडे थांबावे लागते. कारण याविषयी खुद्द बाळूंचे शब्द आपल्या हाती नाहीत. ४ जुलै १९५५ रोजी ते वारले.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न महत्त्वाचा वाटावा. विठ्ठल पालवणकरांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ साली मराठीत प्रसिद्ध केले. दलित आत्मकथनाचा विचार आपण बहुधा १९७८ च्या ‘बलुतं’पासून करतो. त्यापूर्वी तीस वर्षे एका चांभार खेळाडूने मराठीत आपले जीवन लिहिले होते. पण ते ‘क्रीडा’ या कप्प्यात गेले आणि वाङ्मयेतिहासाच्या वर्गात फारसे आले नाही. रामचंद्र गुहा यांच्या २००२ मधील इंग्रजी ग्रंथाने पालवणकर बंधू पुन्हा सर्वांसमोर आले. मराठीतील लेखन मराठी वाचकाला इंग्रजीच्या वळणाने भेटावे, ही गोष्ट अंतर्मुख करणारी आहे.

या पुस्तकात विद्रोहाची भाषा शोधणाऱ्याची कदाचित निराशा होईल. तथापि आत्मकथन कशाला म्हणावे, ही आपली व्याख्याच त्यामुळे तपासून घ्यावी लागेल. बाळूंनी लिहिले नाही. त्यांच्या घरातून एक पुस्तक आले. ते अभ्यासक्रमात कोणत्या शीर्षकाखाली लावायचे, हे आता आपल्या हाती आहे.