अडसर, खोडा आणि धरण : अडथळावाचक शब्दांचा ऐतिहासिक विचार

अडथळ्याची कल्पना आज आपल्याला भाववाचक वाटते. परंतु ती व्यक्त करणारे बहुतेक मराठी शब्द मुळात वस्तूंची नावे आहेत. दार, गाडी, जनावर, कैदी आणि पाणी यांना थोपवून धरणारी साधने काळाच्या ओघात मागे पडली आणि त्यांची नावे तेवढी लक्षणेने उरली. जुन्या इंग्रजीतही असेच घडले आहे. अशा प्रत्येक शब्दात दोन पक्ष गृहीत असतात : अडविणारा आणि अडविला जाणारा. हे पक्ष कोणते, याचा निर्णय केल्यावाचून जुन्या कागदाचा अर्थ नीट लागत नाही. बीड जिल्ह्याच्या इतिहासात याची उदाहरणे विपुल आढळतात.

प्रथम दाराचा विचार करू. आदिलशाही सरदार किश्वरखान याने इ. स. १५६७ च्या सुमारास धारूरचा किल्ला बांधला; पुढे तो निजामशाहीकडे आणि इ. स. १६३१ मध्ये मोगलांकडे गेला. गढी असो वा किल्ला, त्याच्या दाराची खरी भिस्त आतून आडव्या घातलेल्या लाकडी वाशावर असे. हाच अडसर. आतल्या माणसाला तो आधार होता; अडचण होती ती बाहेरच्याची. आज मात्र ‘अडसर’ म्हणताच केवळ अडचण कळते, म्हणजे शब्दाचा अर्थ बाहेरच्या पक्षाने ठरविला. त्याचा सोबती ‘आगळ’ हा संस्कृत ‘अर्गला’पासून आला आणि ‘खीळ’ हा ‘कील’पासून. देवीच्या उपासनेत सप्तशतीपूर्वी कवच, अर्गला आणि कीलक यांचे पठण होते. अंबाजोगाईसारख्या देवीक्षेत्रात दाराची आगळ आणि खिळीचे मूळ रूप असे स्तोत्रांच्या नावांत टिकून राहिले आहे.

दुसरा गट जनावरे आणि माणसे यांना जखडणाऱ्या साधनांचा. ओढाळ गुराच्या गळ्यात बांधायचा लाकडी ओंडका म्हणजे लोढणे. घोड्याच्या मागच्या पायांना बांधायची दोरी म्हणजे पायबंद. कैद्याचे पाय अडकविण्याचे भोकांचे लाकूड म्हणजे खोडा. पहिला शब्द शेतकऱ्याचा, दुसरा फारसी वळणाचा, घोडदळाच्या पागेतला, आणि तिसरा राजदंडाचा. ‘पायबंद घालणे’ हे आज बहुधा इष्ट कृत्य समजले जाते, तर ‘खोडा घालणे’ हे निंद्य. मालक आपल्या घोड्याला सांभाळण्यासाठी बांधतो, सत्ता मात्र कैद्याला शिक्षा म्हणून अडकविते. हा मूळचा भेद या दोन प्रयोगांत अद्याप जाणवतो. इंग्रजीतील ‘क्लॉग’ हा शब्दही मध्ययुगात जनावराला बांधलेल्या ओंडक्याचाच वाचक होता. लॅटिनमधील अडथळावाचक क्रियापद तर ‘पाय’ या शब्दापासूनच सिद्ध झाले आहे.

तिसरा गट कागदपत्रांचा. वतन वा इनाम यांच्या उपभोगात कोणी आड येऊ नये, या आशयाची आज्ञा देताना मराठी कागदांत ‘मुजाहीम न होणे’ आणि ‘हरकत न करणे’ असे प्रयोग येतात. ‘मुजाहीम’ आज लुप्त झाला आहे. ‘हरकत’ जिवंत आहे. परंतु अरबीत त्याचा अर्थ ‘हालचाल’ असा आहे. मराठीत तो अडथळ्याचा वाचक झाला आणि अखेर केवळ ‘आक्षेप’ या अर्थापर्यंत सौम्य बनला. जुन्या कागदातील हरकत ही तोंडी नापसंती नसून वहिवाटीत केलेला प्रत्यक्ष हस्तक्षेप होय. आजचा अर्थ तेथे लावल्यास बळाचा प्रसंग मतभेदासारखा दिसू लागतो. बीड इ. स. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि तेथील सरकारी भाषा आरंभी फारसी, पुढे इ. स. १८८४ पासून उर्दू होती. म्हणून या भागाच्या अभ्यासकाने ही सावधगिरी विशेष बाळगली पाहिजे.

इंग्रजीत याचे जवळचे उदाहरण ‘लेट’ या शब्दाचे आहे. ‘मोकळीक देणे’ आणि ‘अडविणे’ अशा परस्परविरुद्ध अर्थांची दोन प्राचीन क्रियापदे उच्चाराने एकरूप झाली. शेक्सपिअरच्या हॅम्लेटने आपल्याला अडविणाऱ्या मित्रांना उद्देशून यांपैकी दुसरे योजले आहे. पुढे ते व्यवहारातून गेले. पण भारतीय पारपत्रावरील इंग्रजी विनंतीवाक्यात ‘अडथळा’ या अर्थाचे त्याचे नामरूप अजून आढळते. वापरातून गेलेला शब्द सरकारी वाक्यात असा दीर्घकाळ टिकतो.

शेवटचा गट पाण्याचा. ‘धरण’ आणि ‘धरणे’ हे दोन्ही शब्द ‘धृ’ या एकाच धातूचे. पहिले पाणी धरून ठेवते. दुसरे एके काळी ऋणकोच्या दारी बसलेल्या धनकोचे शस्त्र होते. इ. स. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने दैवी कोपाची भीती घालणाऱ्या धरण्याचे उदाहरण देऊन ते दंडनीय ठरविले. पुढे हाच शब्द सार्वजनिक निषेधाचा वाचक झाला. पाण्याची भूमिकाही अशीच पालटते. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवन येथे गोदावरीच्या पुरामुळे निजामाची फौज दोन तीरांवर विभागली गेली, दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला आणि माधवराव पेशव्यांना विजय मिळाला. त्या दिवशी पाणी हाच अडथळा होता. विसाव्या शतकात अवर्षणग्रस्त बीडमध्ये सिंदफणेवर माजलगावचे आणि मांजरेवर धनेगावचे धरण झाले. तेथे पाण्याला अडथळा हवा होता. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ या घोषणेत ‘अडविणे’ हे क्रियापद प्रशंसेचे ठरले आहे.

तात्पर्य, कोणताही अडथळावाचक शब्द स्वभावतः निंदेचा किंवा स्तुतीचा नसतो. तो कोणत्या साधनातून निघाला, कोणी कोणाला अडविले आणि तो अर्थ कोणत्या पक्षाच्या दृष्टीने रूढ झाला, हे तीन प्रश्न विचारल्यानंतरच त्या शब्दाला इतिहासाचे साधन म्हणून प्रमाण मानावे.