नृत्यनाट्य आणि वाजविणारे हात

बॅले हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे पांढरे झुळझुळीत झगे आणि पायाच्या बोटांवर तोललेल्या युरोपीय नर्तकी उभ्या राहतात. आंबिवलीसारख्या कारखान्याच्या भोंग्यावर वाढलेल्या गावात या विषयावर बोलावयाचे आम्ही ठरविले, तेव्हा युनियनमधील आमच्याच एका सहकाऱ्याने विचारले, "अहो, आपला आणि या नाचाचा संबंध काय?" प्रश्न रास्त होता. आम्ही नृत्यातले शास्त्री नव्हे; जे काही शिकलो ते रात्री वाचून आणि पाहून. परंतु जे वाचले, त्यावरून संबंध आहे आणि तो जुना आहे, असे आमचे मत झाले. ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही की, बॅले ही एकट्याची कला कधीच नव्हती. १९१७ साली, पहिले महायुद्ध पेटलेले असताना, पॅरिसमध्ये 'पराद' नावाचा बॅले झाला. नृत्याची बांधणी मासीनची, संगीत सातीचे, पडदे व पोशाख पिकासोचे, कल्पना कॉक्तोची. त्या संगीतात टाइपरायटरची खडखड होती, पिस्तुलाचा बार होता, भोंगाही होता. ज्या आवाजावर आमच्या दोन पिढ्या उठल्या आणि जेवल्या, तो आवाज तिकडे नाट्यगृहात शिरला होता. आज ज्याला बहुमाध्यमी प्रयोग म्हणतात, त्याचे मूळ इतके मागे जाते.

आपल्याकडे हे काम उदयशंकरांनी केले. १९२३ साली लंडनला रशियन नर्तकी अॅना पाव्हलोव्हा हिच्याबरोबर ते नाचले. १९३१ पासून स्वतःचा ताफा घेऊन त्यांनी युरोप-अमेरिका पालथी घातली. या ताफ्याचे वैशिष्ट्य असे की, वादक पडद्याआड दडविलेले नसत. ते भारतीय वाद्ये घेऊन रंगमंचावरच, प्रेक्षकांसमोर बसत. त्यांतील एक प्रमुख नाव विष्णुदास शिराळी यांचे. ते पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. म्हणजे गांधर्व महाविद्यालयाची तालीम या नृत्याच्या पाठीशी उभी होती.

पुढे आल्मोड्यास उदयशंकरांनी संस्कृतिकेंद्र काढले. तेथे छायानाट्यातून रामलीला दाखविली गेली. माणसांच्या सावल्या, प्रकाश व संगीत एवढ्यावर कथा उभी राहिली. त्याच काळातले त्यांचे 'श्रम आणि यंत्र' हे नृत्यनाट्य. त्यात नर्तकांची शरीरेच चाके आणि दांडे बनत. यंत्र चालविता चालविता माणूस यंत्राचा सुटा भाग कसा होतो, हे एकही शब्द न बोलता कळे. ज्याने आठ तास मशीनपुढे उभे राहून पाळी भरली आहे, त्याला हे नृत्य समजावून सांगावे लागत नाही. म्हातारपणी, १९७० साली, त्यांनी 'शंकरस्कोप' हा प्रयोग केला. त्यात चित्रपटाचा पडदा आणि रंगमंचावरील जिवंत माणसे यांची सांगड घातली होती.

आता मुंबईकडे वळू. १९४३ साली मुंबईत इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, म्हणजे इप्टा, स्थापन झाली. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला. मेलेल्यांचा अंदाज तीस लाखांच्या आसपास सांगतात. इप्टाच्या मध्यवर्ती पथकाने अंधेरीस बिऱ्हाड केले. आल्मोड्याहून आलेले शांती बर्धन नृत्य बसवीत. अवनी दासगुप्तांचे संगीत असे, पुढे रविशंकरही आले. एकत्र राहावे, एकत्र तालीम करावी, दुष्काळग्रस्तांसाठी पैसा गोळा करावा, असा तो संसार होता. त्याच सुमारास कामगारवस्तीत अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक डफ-तुणतुण्यावर गात होते. एकीकडे नृत्यनाट्य, दुसरीकडे पोवाडा. पण दोन्हींचा श्रोता एकच, घाम गाळणारा माणूस.

१९५२ साली शांती बर्धन यांनी मुंबईत लिट्ल बॅले ट्रूप काढला. क्षयाने शरीर पोखरले होते. तशाही स्थितीत त्यांनी 'रामायण' बसविले. त्यातील पात्रे कळसूत्री बाहुल्यांसारखी हालतात, तोंडांवर मुखवटे असतात. १९५४ साली बर्धन वारले. संस्था मात्र मेली नाही. पत्नी गुल बर्धन आणि सहकाऱ्यांनी ती चालविली. ती १९६४ साली ग्वाल्हेरास व पुढे भोपाळास गेली. नेता गेल्यावर संघटना टिकणे किती अवघड, हे आमच्यासारख्यांना वेगळे सांगणे नको.

आता थोडे स्वतःविषयी, आणि ते कबुलीचे आहे. काही वर्षांपूर्वी एक मे रोजी आम्ही कामगारांच्या मुलांचे नृत्यनाट्य बसविले. वस्तीतलेच दोघे ढोलकीवाले आणि एक पेटीवाले तालमीला येत. खर्चाचा हिशेब मांडला तेव्हा आम्हीच म्हणालो, संगीत एकदा ध्वनिमुद्रित करून घेऊ, तिघांची बिदागी वाचेल. त्यांना नको म्हणून सांगितले. प्रयोगाच्या रात्री ऐन मध्यावर वीज गेली. मुले हात वर केलेली तशीच उभी राहिली. ताल द्यावयास कोणी नव्हते. तेवढ्यात मागे प्रेक्षकांत बसलेले वयस्कर ढोलकीवाले उठले, घरी जाऊन ढोलकी घेऊन आले, आणि कंदिलाच्या उजेडात खेळ पुरा झाला. बिदागी द्यावयास गेलो तर ते म्हणाले, "साहेब, तुम्हीच तर शिकवलंत, माणूस कमी केला की काम बिघडतं."

आम्ही मान खाली घातली. कामगारकपातीविरुद्ध आम्ही उभा जन्म घोषणा दिल्या, आणि पहिली संधी मिळताच तीन माणसे कमी केली होती.

पडदा, प्रकाश, संगणक यांना आमचा विरोध नाही. उदयशंकरांनीही ती साधने हौसेने वापरली. परंतु त्यांनी वादक रंगमंचावर बसविले होते, हे विसरू नये. नर्तकाचा श्वास चुकला तर जिवंत वादक क्षणभर थांबतो, त्याला सांभाळून घेतो. मुद्रित तबकडी थांबत नाही. ती पाळीच्या घड्याळासारखी पुढे जाते, आणि मग माणसालाच तिच्यामागे धावावे लागते. 'श्रम आणि यंत्र'मधला प्रश्न हाच होता. यंदाच्या एक मेच्या कार्यक्रमात ढोलकीवाल्यांचे नाव पत्रिकेत सर्वांत वर घालावयाचे, असे आम्ही ठरविले आहे.