झडप कुणाची, कशाची?

दातिवऱ्यासारख्या खाडीकाठच्या गावांना ‘उघाडी’ हा शब्द सांगावा लागत नाही. खारबांधातली ही झडप ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते आणि भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मिटते. नाव उघडण्यावरून पडलं, पण शेत वाचतं ते तिच्या मिटण्याने. हृदयातल्या चारही झडपांचं काम असंच चालतं. त्यांना स्वतःचा जोर नसतो, रक्ताचा दाबच त्यांना हलवतो.

‘व्हॉल्व्ह’चं मूळ लॅटिन ‘वाल्वा’, म्हणजे दुमडत्या दाराची फळी. हिंदीने त्यासाठी संस्कृत ‘कपाट’ हा शब्द घेतला. आपल्याकडे त्याच शब्दाचं ‘कवाड’ झालं आणि खुद्द ‘कपाट’ भांडी-कपड्यांकडे गेलं. म्हणून खिडकीची झडपच हृदयात बसली. हृदयातल्या ‘मायट्रल’ झडपेचं नाव बिशपांच्या दुभंगलेल्या उंच टोपीवरून, ‘माइटर’वरून आलं. वसई धर्मप्रांतात ती टोपी ओळखीची आहे. मराठी पाठ्यपुस्तकाने मात्र टोपी बाजूला ठेवून पाकळ्या मोजल्या आणि ‘द्विदल’ म्हटलं. गंमत अशी, की निकामी झालेल्या या द्विदलाच्या जागी बसवतात ती प्राण्यांपासून घेतलेली जैविक झडप बहुधा त्रिदल असते!

‘जैविक’ हा शब्दही नीट पारखून घ्यावा. ‘डुकराची झडप’ खरोखर डुकराच्या हृदयातलीच. ‘गाईची झडप’ मात्र गाईच्या हृदयात कधीच नसते. गोवंशाच्या हृदयावरणाचं पातळ कातडं बेतून, शिवून ती तयार करतात. लीड्समध्ये मारियन आयोनेस्कू यांनी 1971 मध्ये ही वाट पाडली. दोन्ही झडपा ग्लुटराल्डिहाइडमध्ये मुरवलेल्या असतात. फ्रान्सच्या आलँ कार्पांतिए यांनी ती प्रक्रिया रुळवली. त्यामुळे शरीर त्या सहसा नाकारत नाही, पण त्या जिवंतही उरत नाहीत. त्या वाढत नाहीत, झीज भरून काढत नाहीत. साधारण दहा-पंधरा वर्षांत कॅल्शियम साचून कडक होतात, तरुणांत त्याहून लवकर. यांत्रिक झडप टिकाऊ, पण तिच्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते.

खऱ्या अर्थाने जिवंत झडप मिळते ती रॉस शस्त्रक्रियेत. डोनाल्ड रॉस यांनी 1967 मध्ये रुग्णाचीच फुप्फुस धमनीची झडप काढून महाधमनीच्या झडपेच्या जागी बसवली. तिथे जुळलेली ही झडप लहान मुलांत वाढतेसुद्धा.

म्हणजे ‘जैविक’ हा शब्द झडपेचं कुळ सांगतो, प्रकृती नाही. डॉक्टरांनी तो उच्चारला की विचारावं: कुणाची, कोणत्या भागाची, आणि माझ्या वयाला किती पुरेल?